ढिली पिन, छपरावरची डिश आणि जुन्नरचे आकाश

१/
जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री आठवतात. सातवाहनांपासून मराठेशाहीपर्यंतचा हा इतिहास आपण अनेकदा वाचतो. याच तालुक्याला विसाव्या शतकातला आणखी एक इतिहास आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण संदेश टिपण्याचे दोन मोठे भारतीय प्रयत्न याच भूमीवर झाले. एक आर्वीचे उपग्रह भूकेंद्र. दुसरा खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी. आजचा थ्रेड या दोहोंवर आणि त्यांच्या सर्वांत धाकट्या भावंडावर, अर्थात घराच्या छपरावरच्या डिशवर.

२/
नारायणगावात किंवा मंचरला एखाद्या घरातला टीव्ही ‘नो सिग्नल’ दाखवू लागतो. डिशवाला येतो, आधी बॉक्स पाहतो, मग पिन, मग केबल आणि शेवटी गच्चीवर जातो. ही तपासणी किरकोळ वाटते. परंतु संदेश कुठे हरवला हे शोधण्याची ही रीत आर्वी आणि खोडदच्या अभियंत्यांच्या रीतीहून मूलतः वेगळी नाही. खोडदच्या शेजारी तर एका घरातली बिघडलेली जोडणी थेट खगोलशास्त्राच्या कामात येते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ.

३/
पुणे जिल्हा हा फार पूर्वीपासून देशाचा ‘कान’ राहिलेला आहे. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात ‘बीम’ पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. ही दोन ठिकाणे इतकी दूर का? स्वतःचाच प्रबळ प्रक्षेपक शेजारी असेल, तर सातासमुद्रापलीकडून येणारा क्षीण संदेश त्यात बुडून जातो. ऐकायचे असेल तर आजूबाजूला शांतता हवी, हा धडा पुणे जिल्ह्याने तेव्हाच गिरवला होता. या थ्रेडच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

४/
लघुलहरींवर चालणारी ही सेवा वातावरणाच्या लहरीवर अवलंबून असे. आयनांबराची स्थिती बिघडली की परदेशी दूरध्वनी खरखरत तुटत. यावर उत्तर होते भूस्थिर उपग्रह. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतो. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६७ मध्ये अहमदाबादेत प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले. त्या अनुभवावर पुढचे पाऊल पडले ते थेट जुन्नर तालुक्यात.

५/
आर्वीचे भूकेंद्र हे भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह दळणवळण केंद्र. त्याच्या उद्घाटनानिमित्त डाक खात्याने २६ फेब्रुवारी १९७२ रोजी टपाल तिकीट काढले. साराभाईंचे निधन त्याआधी दोनच महिने, ३० डिसेंबर १९७१ रोजी झाले होते. केंद्राला त्यांचेच नाव मिळाले : विक्रम भूकेंद्र. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशी दूरध्वनी, तारा आणि दूरचित्रवाणीचे संदेश येथून ये-जा करू लागले. ज्या तालुक्यात तोवर टीव्ही पोहोचलाच नव्हता, तेथून देशाचे चित्रसंदेश जगाशी जोडले गेले.

६/
आर्वीच्या तबकडीचा व्यास २९.७ मीटर. आज आपल्या छपरावरच्या डिशचा व्यास साधारण ६० सेंटीमीटर असतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर आर्वीची तबकडी सुमारे अडीच हजार पट मोठी भरते. कारण सरळ आहे. त्या काळच्या उपग्रहांची शक्ती तोकडी होती आणि ती पृथ्वीच्या जवळजवळ एक-तृतीयांश भागावर विखुरलेली असे. पुढे उपग्रहांची शक्ती वाढली, त्यांचा झोत एकेका देशापुरता आवळला गेला, वारंवारताही वाढली. तेव्हा कुठे तबकडी लहान होऊन आपल्या गच्चीवर आली.

७/
आकार बदलला, साखळी मात्र बदलली नाही. तबकडी लहरी गोळा करून एका बिंदूवर, म्हणजे नाभीवर आणते. तेथे पहिला वर्धक असतो. त्यातून केबल निघते आणि शेवटी ग्राहकयंत्र त्या लहरींतून चित्र किंवा आवाज वेगळा करते. आर्वीत हे ग्राहकयंत्र मोठ्या दालनात होते. आपल्या घरी तो सेट टॉप बॉक्स आहे. नाभीवरचा पहिला वर्धक म्हणजे डिशसमोर दांडीवर बसवलेला तो छोटा डबा : एलएनबी.

८/
पहिला वर्धक नाभीवरच का? खाली, घरात का नाही? १९४४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅराल्ड फ्रिस यांनी हे गणिताने मांडले. साखळीतल्या प्रत्येक घटकाची स्वतःची थोडी खरखर असते. पहिल्या वर्धकाने संदेश पुरेसा मोठा केला, की नंतरची खरखर त्यापुढे नगण्य ठरते. पण संदेश आधी लांब केबलीत क्षीण झाला आणि मग वाढवला, तर त्याच्याबरोबर खरखरही वाढते. हरवलेला संदेश नंतर कितीही पैसे खर्चून परत मिळत नाही. डिशच्या दुरुस्तीत सगळ्यात मोलाचे वाक्य हेच.

९/
उपग्रहाचा संदेश थेट खेड्यातल्या टीव्हीवर आणण्याचा पहिला मोठा भारतीय प्रयोग म्हणजे ‘साइट’ : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी. त्यांत महाराष्ट्र नव्हता, मात्र कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. खेड्यांत बसवलेली तबकडी सुमारे तीन मीटर व्यासाची आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. संच बसवणे हे अर्धेच काम होते. ऊन, पाऊस आणि वीजपुरवठा यांना तोंड देत ते चालू ठेवणे हे उरलेले अर्धे.

१०/
जाळी कशी चालली? लहरीची लांबी जाळीच्या भोकापेक्षा बरीच मोठी असेल, तर लहरीच्या दृष्टीने ती जाळी सलग पत्राच असते. साइटच्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर होती. आजच्या डीटीएचची तरंगलांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणून आपली डिश पत्र्याची आणि गुळगुळीत लागते, तिला पोचा आला तरी फरक पडतो. हे सूत्र लक्षात ठेवा. खोडदला पोहोचल्यावर जाळी पुन्हा भेटणार आहे.

११/
त्या दशकात जुन्नर-आंबेगावच्या घरांत काय होते? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणे परिसरात ते दिसू लागले. सिंहगड ते नारायणगाव हे सरळ रेषेतले अंतर नव्वद किलोमीटरच्या घरात. मध्ये डोंगरांच्या रांगा. उंच लोखंडी पाइपावर काड्यांचा अँटेना, तरीही पडद्यावर ‘मुंग्या’. एक जण छपरावर पाइप फिरवतोय, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘नाही, अजून थोडं इकडं!’ हा संवाद आपल्या आईवडिलांच्या पिढीला तोंडपाठ आहे.

१२/
या मुंग्यांवरचा उपाय म्हणजे बूस्टर. पाइपावरच, अँटेनाच्या जवळ लावायचा छोटा वर्धक. तत्त्व तेच, फ्रिस यांचे. नव्वद किलोमीटर दूरच्या मनोऱ्याचे चित्र बूस्टरमुळे कितीतरी घरांत स्पष्ट झाले. डोंगराआडच्या वस्त्यांसाठी ती चैन नव्हती, टीव्ही दिसण्याची अटच होती. ग्रामीण भागाच्या दूरचित्रवाणी इतिहासात या डबीला मानाचे स्थान द्यायला हवे. तिची दुसरी बाजूही आहे; तिच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

१३/
पुढची पावले वेगाने पडली. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी, त्यामागोमाग देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे. १९९१ मध्ये स्टार टीव्ही, १९९२ मध्ये झी. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठी छत्री आणि तिथून खांबाखांबावरून घरोघरी केबल. आता संदेश पकडण्याची जबाबदारी एका माणसाकडे गेली. चित्र गेले की त्याला हाक मारायची. अँटेना फिरवण्याचे घरगुती कौशल्य एका दशकात निरुपयोगी ठरले.

१४/
डीटीएचने ते कौशल्य पुन्हा घरी आणले. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा (आजची फ्री डिश), २००६ मध्ये टाटा स्काय. जिथे केबल पोहोचत नव्हती, अशा आदिवासी पाड्यांवर आणि शेतातल्या एकाकी घरांवर डिश पोहोचली. आर्वीने जे काम तीस मीटरच्या तबकडीने केले, तेच आता घरमालकाच्या नावावर होते. तबकडीची दिशा, केबलीची लांबी, पिनची जोडणी, सारे काही. बिघाडही त्याच्याच नावावर.

१५/
आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. तबकडीने गोळा केलेली शक्ती एका वॅटच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास असते. म्हणून साखळीत शेवटच्या टोकापासून मागे जायचे. पहिला प्रश्न : ‘सिग्नल नाही’ हे कोण सांगते आहे? संदेश टीव्हीचा स्वतःचा असेल, तर डिश निर्दोष असू शकते. बॉक्स बंद आहे, एचडीएमआयची केबल निघाली आहे किंवा टीव्हीवर चुकीचे इनपुट निवडले गेले आहे. संदेश बॉक्सचा असेल तरच गच्चीकडे पाहायचे. अर्ध्या तक्रारींचा शोध जिन्यापर्यंतही न जाता लागू शकतो.

१६/
दुसरा प्रश्न : सगळ्या वाहिन्या गेल्या की काहीच? बॉक्स त्याच केबलीतून वर एलएनबीला वीज पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. हे दोन दाब म्हणजे एलएनबीला दिलेल्या दोन सूचना आहेत : उभ्या ध्रुवणाच्या लहरी घे किंवा आडव्या. त्यामुळे ठराविक वाहिन्यांचा गट दिसतो आणि दुसरा दिसत नाही, असे झाले तर डिश फिरवू नका. दिशा बरोबर आहे. दाब वर नीट पोहोचत नाही किंवा एलएनबी बिघडला आहे.

१७/
तिसरा प्रश्न : पिन. केबलीच्या मध्यभागी तांब्याची तार, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी आणि पन्नी. जाळीचा एक केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला, तरी शॉर्ट होऊन एलएनबीची वीज तुटते. मधली तार पिनच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. ती आखूड असेल किंवा हिरवट-काळी पडली असेल, तर कापून नवी पिन लावावी. हे करताना बॉक्सचे बटण नव्हे, भिंतीवरचा प्लग काढावा. केबलीत वीज असताना पिन उघडली तर बॉक्सलाच इजा होऊ शकते.

१८/
चौथा प्रश्न : पाणी आणि लांबी. उघड्यावरचा जॉइंट पावसाळ्यात पाणी पितो आणि ते जाळीतून आत झिरपत जाते. म्हणून उघड्यावर जॉइंट नकोच. असलाच तर जलरोधक टेपने बांधलेला हवा. केबल बॉक्सकडे वळण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. घरगुती केबलीत वरच्या वारंवारतांचा संदेश दर दहा मीटरला साधारण निम्मा होतो. गुंडाळून ठेवलेली जादा केबल म्हणजे फुकट गमावलेला संदेश. शंका असेल तर नवी आखूड केबल थेट एलएनबीपासून बॉक्सपर्यंत लावून पाहावी. चित्र आले तर दोष जुन्या केबलीतच आहे.

१९/
पाचवा प्रश्न : दिशा. फ्री डिशचे उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहेत. जुन्नरहून ते आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३३ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतात. डिश पाहताना मात्र ती इतकी वर पाहते आहे असे वाटत नाही, कारण या तबकड्यांची नाभी मध्यावर नसून खालच्या बाजूला असते. वानरांनी हलवलेली डिश, वाऱ्याने सैल झालेला नट, दोन वर्षांत वाढलेला आंबा, ही नेहमीची कारणे. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. ‘शक्ती’ भरपूर आणि ‘गुणवत्ता’ शून्य असेल, तर डिश रिकाम्या आकाशाकडे किंवा भलत्याच उपग्रहाकडे पाहते आहे.

२०/
सहावा प्रश्न : हे फक्त पावसातच होते का? अडीच सेंटीमीटरच्या लहरींना पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. भीमाशंकरच्या पट्ट्यात धो धो पाऊस असताना चित्र चौकड्यांत फुटणे हा दोष नव्हे, भौतिकशास्त्र आहे. पण रिमझिमीतही चित्र जात असेल, तर दिशा आधीच थोडी चुकलेली आहे. जुन्या अ‍ॅनालॉग चित्रात बिघाड मुंग्यांच्या रूपाने हळूहळू दिसे. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम कोसळते. त्यामुळे दोष आज झाला असे वाटते, तो मात्र अनेक महिने साचत आलेला असतो.

२१/
इतिहासाच्या थ्रेडमध्ये पिन आणि टेप कशाला, असे काहींना वाटेल. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच बिघाड शोधताना झाला, हे त्याचे उत्तर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की अटलांटिकपारच्या दूरध्वनीतली खरखर कुठून येते हे शोधत होते. वादळांची खरखर वेगळी काढल्यावरही एक फुसफुस उरली. ती दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येई, म्हणजे सूर्याशी नव्हे, ताऱ्यांशी बांधलेली होती. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केले : ती आकाशगंगेच्या मध्याकडून येते.

२२/
त्याच संस्थेत १९६४-६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन उपग्रह दळणवळणासाठी बांधलेला शिंगाच्या आकाराचा अँटेना वापरत होते. सर्व दिशांनी सारखीच येणारी खरखर जाईना. त्यांनी जोडण्या तपासल्या, अँटेनाच्या सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप चिकटवली, आत घरटे केलेल्या कबुतरांची विष्ठा साफ केली. खरखर राहिली. तो विश्वाच्या बालपणाचा उरलेला उजेड होता. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पिन, टेप आणि कबुतर यांची शक्यता आधी प्रामाणिकपणे संपवली, म्हणूनच उरलेल्या खरखरीवर जगाचा विश्वास बसला.

२३/
हीच परंपरा घेऊन खोडदला येऊ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या तबकड्यांपासून सुरुवात केली, १९७० मध्ये उटीची दुर्बीण उभारली आणि १९९० च्या दशकात नारायणगावजवळ जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या : १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. ताणलेल्या दोरांवर बसवलेली बारीक तारांची जाळी आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पुरते. वजन आणि खर्च दोन्ही वाचले.

२४/
ही जागा का निवडली? सह्याद्रीची भिंत मुंबईचा रेडिओ गोंगाट अडवते, परिसरात मोठी औद्योगिक वसाहत नव्हती, आणि या अक्षांशावरून दक्षिणेकडचे आकाशही बरेचसे दिसते. म्हणजे ज्या डोंगरांनी जुन्नरच्या टीव्हीवर मुंग्या आणल्या, त्याच डोंगरांनी जुन्नरला जगातल्या मोजक्या शांत जागांपैकी एक बनवले. खडकी आणि दौंड यांच्यातले अंतर १९२७ मध्ये ज्या कारणासाठी ठेवले गेले, तेच कारण येथे पुन्हा दिसते. शांततेचे मोल येथे किती आहे, हे एका उदाहरणाने कळेल. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणात या दुर्बिणीने सुमारे ८.८ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश टिपला. मूळची २१ सेंटीमीटरची लहर येथे पोहोचेपर्यंत ताणून ४८ सेंटीमीटरची झाली होती.

२५/
आता बूस्टरची दुसरी बाजू. बूस्टरची जोडणी सडली, आवरण निघाले किंवा बाहेर पडणारी केबल अँटेनाच्या अगदी जवळ आली, तर वाढवलेला संदेश पुन्हा आत शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो. ध्वनिक्षेपकाची शिट्टी वाजते तसेच. वर्धकाचा प्रक्षेपक होतो आणि छपरावरचा अँटेना ती शिट्टी चोहीकडे पसरवतो. घरातल्यांना फक्त चित्र खराब दिसते. दूरदर्शनचा एक पट्टा १७४ ते २३० मेगाहर्ट्झ होता आणि जीएमआरटीची एक मूळ निरीक्षण वारंवारता २३३ मेगाहर्ट्झ! सदोष बूस्टर हा तेथील व्यत्ययाचा एक परिचित स्रोत ठरला. असे स्रोत हुडकायचे तर अँटेना आणि मापकयंत्र घेऊन गावोगाव फिरण्याला पर्याय नसतो.

२६/
दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर बूस्टरही अडगळीत गेला. पण डिशच्या केबलीतून काय वाहते ते पाहा. एलएनबी उपग्रहाची उच्च वारंवारता खाली उतरवून ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो. तटस्थ हायड्रोजनची नैसर्गिक वारंवारता १,४२० मेगाहर्ट्झ, म्हणजे याच पट्ट्यात. घरातल्या केबलीतून टीव्हीचा संदेश आणि खोडदच्या तबकड्यांतून हायड्रोजनचा संदेश शेजारी शेजारी धावतात. त्यांच्यात असते केबलीची जाळी आणि घट्ट बसलेली पिन. जी जोडणी आतला संदेश बाहेर सोडते, ती बाहेरचा गोंगाटही आत घेते. म्हणून पिन नीट करणे हे घराच्याही हिताचे आणि आकाशाच्याही.

२७/
येथे एक अवघड प्रश्न उरतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो टाळू नये. शांततेची किंमत कोण देते? दुर्बिणीच्या परिसरात उद्योग, मनोरे आणि मोठ्या वीजवाहिन्या यांवर बंधने आली. पुणे–नाशिक द्रुतगती रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा नियोजित मार्ग दुर्बिणीच्या कामात व्यत्यय आणेल, म्हणून तो बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. जुन्नर-आंबेगावमध्ये यावर नाराजी आहे आणि ती विज्ञानविरोधी म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. शोधांचे श्रेय जगभर वाटले जाते; रोजगाराची वाट मात्र एकाच खोऱ्याने पाहायची असते.

२८/
दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रेडिओ-शांत जागा एकदा गेली की पैसे देऊन परत मिळत नाही. हरवलेला संदेश नंतर वाढवता येत नाही, हे फ्रिस यांचे गणित येथे अख्ख्या खोऱ्याला लागू पडते. म्हणून बंधने हवीत, पण त्यांच्या बदल्यात परिसराला काय मिळते याचा उघड हिशेबही हवा : शिक्षण, कुशल रोजगार, दुर्बिणीला बाधा न आणणारे उद्योग. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणारे प्रदर्शन आणि तिथे आपापले प्रयोग घेऊन येणारी ग्रामीण शाळांतली मुले ही चांगली सुरुवात आहे. ती पुरेशी आहे का, हे ठरवण्याचा पहिला हक्क येथील रहिवाशांचा.

२९/
समुद्राखालच्या प्रकाशतंतूंच्या केबलींनी परदेशी दूरध्वनीचे काम घेतल्यावर आर्वीचे जुने महत्त्व ओसरले. साइटच्या जाळ्या गेल्या, सिंहगडाकडे वळलेले अँटेना भंगारात गेले. या साऱ्याची साधने आपल्या अवतीभोवती विखुरलेली आहेत : माळ्यावरचा बूस्टर, जुन्या केबलवाल्याची वही, १९७२ चे ते टपाल तिकीट, गच्चीवर उरलेला गंजका पाइप. संग्रहालये शिलालेख जपतात. ही साधने जपणारे अजून फार कोणी नाही.

३०/
म्हणून शेवटी दोन विनंत्या. आपल्या भागातल्या जुन्या टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या काका-मामांशी बोला. कोणत्या वाडीला कुठल्या डोंगराच्या खिंडीतून चित्र मिळे, कोणत्या ऋतूत ते जाई, हे त्यांना पाठ असते आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. नावे जाहीर न करता, त्यांच्या परवानगीने ते लिहून ठेवा. आणि जुन्नर-आंबेगावचे रहिवासी असाल तर या पावसाळ्याआधी गच्चीवरचा जॉइंट एकदा तपासा, माळ्यावरच्या बूस्टरला चुकूनही वीज जोडलेली नाही ना तेही पाहा. आपल्या घरच्या आठवणी खाली जरूर लिहा. पुढचा थ्रेड खडकी–दौंडच्या बिनतारी केंद्रांवर.